मास्टरजींचे तीन फोटो

भाऊबीजेचं जेवण सगळ्यांना अंगावर आलं होतं. यज्ञेश्वरमामा "नको, नको" म्हणत बासुंदीची वाटी पुढे करत राहिले होते आणि आता मधल्या खोलीत लोडाला टेकून सुपारी कातरत होते. माई विधवा, त्यामुळे धाकट्या भावाला ओवाळत नसत. पण दर भाऊबीजेला त्याला जेवायला बोलावायचं त्यांनी कधी चुकवलं नव्हतं.

माईंचे धाकटे चिरंजीव भय्यासाहेब भोपाळला शिव्या देत होते. नवा प्रांत होऊन भोपाळ त्याची राजधानी झाल्याला चार दिवस झाले नव्हते, तोवर त्यांच्या खात्याची कपाटंसुद्धा भोपाळला रवाना झाली होती.

"इंदूर नाही, ग्वाल्हेर नाही, आणि भोपाळ!" ते म्हणाले. "तिथे मराठी माणूस औषधाला तरी मिळतो का?"

"तुम्ही चाललाच आहात की औषधाला," मीरा म्हणाली. नवऱ्याच्या बदलीचा तिला आतून आनंद झाला होता आणि तो लपवायची तिला फारशी गरज वाटत नव्हती. माई उज्जैन सोडणार नाहीत, मोठ्या जाऊबाई माणिकवहिनी शाळेची नोकरी सोडणार नाहीत, तेव्हा त्या दोघी फ्रीगंजच्या या घरात राहतील आणि मीरा भोपाळला स्वतःचा संसार मांडेल, असं ठरल्यातच जमा होतं.

एवढ्यात श्रीकांत लिफाफा घेऊन आला. भय्यासाहेबांचा हा मुलगा देवास गेटपाशी एका फोटो स्टुडिओत कामाला होता. भय्यासाहेब बाहेर "मुलगा व्यवसायात आहे" एवढंच सांगत; कोणत्या व्यवसायात, ते विचारलं तर विषय बदलत. पण या वेळी मामला वेगळा होता. भोपाळला नव्या प्रांतातल्या कारागिरांचं प्रदर्शन भरणार होतं, त्याचं काम श्रीकांतच्या मालकाला मिळालं होतं आणि उज्जैनकडून लाकडी ठशांनी कापड छापणाऱ्या भेरूगडच्या छीप्यांचे फोटो जायचे होते.

"बघा, तीन कॅमेऱ्यांनी काढलेत," श्रीकांतने सतरंजीवर फोटो मांडले. "माणूस एकच, दुपार एकच. मालक म्हणाले, किसमें अच्छा आता है, देखेंगे."

"एका छीप्यावर तीन कॅमेरे?" भय्यासाहेब म्हणाले. "माझ्या लग्नात एक होता, तोही भाड्याचा."

श्रीकांत आज ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हता. त्याला ती दुपार अजून सोडत नव्हती. अंधारी खोली, निळीचा आणि फिटकरीचा वास, बुटक्या पाटासमोर जमिनीवर बसलेला तो दाढीवाला माणूस. ठसा रंगाच्या गादीवर टेकायचा, कापडावर ठेवायचा, वरून मुठीने ठोका द्यायचा आणि उचलायचा. जाजमाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो हात कुठे अडखळला नव्हता.

"हा घडीच्या कॅमेऱ्याचा," तो म्हणाला. "भाता पुढे ओढून जवळ गेलो, म्हणून हात बघा कसे आलेत. मालकांनी हाच मोठा करून भोपाळला पाठवलाय. हा दोन भिंगांचा. तो छातीशी धरून वरून खाली बघायचं असतं, त्यामुळे समोरच्याला कळतच नाही आपला चेहरा टिपला जातोय ते. आणि हा आपला जुना डबा कॅमेरा. उजेड कमी, त्यात माझा हात हलला. बेकार आलाय."

चेहऱ्याचा फोटो हातोहात फिरला. डोळ्यांवर चश्मा, पांढरट दाढी, डोक्याला फडकं, नजर कापडावर. "कामात गुंगलाय अगदी," मीरा म्हणाली. यज्ञेश्वरमामांनी तो लांब धरून पाहिला आणि पुढे दिला. भय्यासाहेबांनी तर नुसता मागून पुढून पाहिला, सरकारी कागद बघावा तसा.

"नाव काय याचं?"

"मास्टरजी म्हणतात सगळे. मजेदार माणूस आहे. मला विचारलं, किसके लड़के हो? मी बोललो, फ्रीगंजचे जामदार. तर बराच वेळ गप्पच बसले. मग म्हणतात, बेटा, सामने से मत लो, पीछे से ले लो. म्हणून तो डब्याचा मागून काढला. चेहऱ्याचा मी गुपचूप घेतला."

"मला दे रे एखादा," माई म्हणाल्या.

माईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ताटातल्या भातातला खडा त्यांना दिसत नसे, छापील अक्षर तर सोडाच. पण अंगणात कोण आलं ते चालीवरून त्या सगळ्यांच्या आधी सांगत. श्रीकांतने चेहऱ्याचा फोटो दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला. मग डब्याचा, तो धुरकट, हललेला फोटो त्यांनी खिडकीकडे तोंड करून धरला. त्यात होतं तरी काय? पाठ, वाकलेली मान, अंगाखाली दुमडलेला एक पाय आणि उभा धरलेला दुसरा गुडघा. बारकावा काहीच नव्हता, आणि माईंना बारकावा तसाही दिसला नसता.

"हा असा पाय घेऊन कोण बसलंय?" त्या म्हणाल्या.

त्यांनी फोटो आणखी जवळ घेतला.

"मान बघ कशी डावीकडे टाकलीय. शंभरदा सांगितलं, सरळ बस, मानेला पोक येईल." आणि मग त्यांचा आवाज एकदम चिरकला. "अरे, हा प्रभाकर आहे!"

भय्यासाहेबांचा थोरला भाऊ, माणिकवहिनींचा नवरा प्रभाकर. त्याचं नाव या घरात वर्षातून एकदा, श्राद्धाच्या दिवशी घेतलं जाई.

*

आईच्या डोळ्यांचं काय घेऊन बसायचं, असं भय्यासाहेब मोठ्याने म्हणाले. म्हणताना त्यांनी घडीच्या कॅमेऱ्याचा फोटो उचलला होता, तो केवळ हाताला चाळा म्हणून.

"माई, प्रभाकरदादाला जाऊन जन्म लोटला. तू स्वतः त्याचा विधी करवून घेतलास. आता दिवाळीच्या दिवशी हे फालतूचं..."

त्यांची नजर हातातल्या फोटोवर पडली. फोटोतला ठशावरचा अंगठा त्यांच्याकडे बघत होता. नखाच्या मधोमध उभी चीर, नख दोन्हीकडे वेगवेगळं वाढलेलं. भय्यासाहेब लहान असताना त्यांनी रागाच्या भरात दार लोटलं होतं आणि दादाचा अंगठा त्यात सापडला होता. दादाने तेव्हा नाव सांगितलं नव्हतं. वडिलांना, आप्पांना, तो म्हणाला होता, माझ्याच हातून लागलं.

"काय झालं?" मीराने विचारलं.

"दादाच आहे," भय्यासाहेब म्हणाले.

मग ते बोलत सुटले. धक्का बसला की काही माणसांची वाचा जाते, भय्यासाहेबांना ती फुटत असे. दादा जातो काय, सोळा वर्षं पत्ता नाही काय, आणि इथे शिप्रेपलीकडे भेरूगडला टांग्याने अर्ध्या तासावर बसून जाजमं छापतो काय! आणि त्याचा हा अंगठा आता भोपाळला, नव्या सरकारच्या प्रदर्शनात, हातभर मोठा करून भिंतीवर लागणार! साहेब विचारतील, जामदार, ये कारीगर आपके उज्जैन का है? तर काय सांगायचं, भाऊ आहे म्हणून, की मेलाय म्हणून?

"मेलेला माणूस छापे मारतो का?" श्रीकांत पुटपुटला. काकाचा चेहरा आपण चोरून टिपला आणि काका समोर बसून आपल्याला 'बेटा' म्हणत राहिला, हे त्याच्या गळी उतरत नव्हतं.

"तू चूप बस! हे सगळं तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे कसं, बाबा? मी काय केलं?"

"आप्पांमुळे झालं ते," माई म्हणाल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण माईंनी आप्पांविरुद्ध शब्द काढलेला या घरात कुणी ऐकला नव्हता. "प्रभाकर कोर्टातली नोकरी सोडून छीप्यांमध्ये जाऊन बसतो, हे कळलं तेव्हा यांनी त्याचे लाकडाचे ठसे न्हाणीघरातल्या बंबात घातले. त्या पाण्याने आम्ही सगळ्यांनी अंघोळी केल्या. मीसुद्धा केली. तो न्हाला नाही. तसाच पारोसा निघून गेला."

*

मीरा दाराजवळ उभी होती. तिथून तिला स्वयंपाकघरही दिसत होतं. माणिकवहिनी उरलेली बासुंदी पातेल्यातून लोट्यात ओतत होत्या. पांढरं पातळ, मोकळं कपाळ. आत सगळं ऐकू जात होतं, जायलाच हवं होतं. इतकं छोटं घर. तरी वहिनींच्या हातातली धार तुटली नाही. मीराच्या मनात आलं, बाईला धक्का एवढा बसलाय की कळतच नाहीये.

चार वर्षांपूर्वी रामघाटावर पालाशविधी झाला तेव्हाही त्या अशाच होत्या. माणूस बारा वर्षं बेपत्ता झाला की त्याला गेला असं मानायचं, पळसाच्या पानांचा त्याचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि दहावं-बारावं करून मोकळं व्हायचं, अशी रीत. माई हट्टाला पेटल्या होत्या. माझ्या पोराचा आत्मा लटकत राहिलाय म्हणायच्या. मंत्र यज्ञेश्वरमामांनी सांगितले होते, अग्नी भय्यासाहेबांनी दिला होता. आणि घरी आल्यावर माणिकवहिनींचं कुंकू पुसलं होतं ते मीराने. ती गोष्ट मीराला आजही आठवायला नको वाटे.

"मामा, आता काय करायचं?" भय्यासाहेबांनी विचारलं.

यज्ञेश्वरमामांच्या हातातला अडकित्ता कधीच थांबला होता. जिवंत भाच्याला आपण मंत्र म्हणून जाळलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. पण शास्त्र विचारलं की त्यांना धीर येई.

"शास्त्राने सोय ठेवलीय," ते घसा साफ करत म्हणाले. "असा माणूस परत आला तर त्याचा नवा जन्म समजायचा. जातकर्म, नामकरण, मुंज, सगळं पुन्हा. आणि मग स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न."

"पन्नाशीच्या बाप्याचं बारसं?" मीराच्या तोंडून निघून गेलं.

"हसायचं काही नाही यात," माई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि त्यांचा चेहरा मात्र उजळला होता. "करू. सगळं करू. यज्ञेश्वर, तुळशीचं लग्न झालं की पहिला मुहूर्त बघ. श्रीकांत, तू टांगा घेऊन जा आणि त्याला घेऊन ये. म्हणावं, आई बोलावते. माणिकला हिरवा चुडा भरू. माझी पैठणी आहे, ती नेसेल."

"वा! म्हणजे दादा इथे राहणार," भय्यासाहेब म्हणाले. त्यांचा घोडा आता दुसऱ्या वाटेला लागला होता. "तसं बघितलं तर बरंच आहे. आम्ही भोपाळला गेलो की इथे घरात पुरुष माणूस हवंच. लोकांना सांगू, संन्यास घेतला होता, हरिद्वारला होता. कापडावर छापे मारत होता हे सांगायची काय गरज?"

मघाशी भावाच्या अंगठ्याने हादरलेला हा माणूस एवढ्यात त्याला घराचा राखणदार करून मोकळा झाला होता. मीराला नवऱ्याचा राग आला. एरवी जाऊबाईंशी तिचं फारसं कधी जमलं नव्हतं. त्यांचं ते शाळेत जाणं, घरात मोजकं बोलणं तिला टोचायचं. पण ते कुंकू पुसणारा हात तिचा होता. आता तेच पुन्हा लावायचं, तेही कुणी तिसऱ्याने ठरवून?

"वहिनींना कुणी विचारलंत का?" ती म्हणाली.

"तिला काय विचारायचं?" माईंना खरंच कळलं नाही. "नवरा परत मिळतोय तिचा. बाईला आणखी काय हवं?"

*

माणिकने लोटा झाकला, हात पुसले आणि ती मधल्या खोलीत आली. सगळ्यांनी तिला जागा करून दिली. ती बसली नाही. चेहऱ्याचा तो स्वच्छ फोटो, जो कुणालाच काही सांगू शकला नव्हता, तो तिने उचलला. दाढी आणखी पिकली होती. चश्मा नवा होता.

"मी उभी राहणार नाही या लग्नाला," ती म्हणाली.

"अगं, धक्का बसलाय तुला. बस इथे."

"मला धक्का नाही बसला, माई. मला माहीत होतं."

यज्ञेश्वरमामांनी अडकित्ता खाली ठेवला.

"तुम्ही विधीचं ठरवलंत, त्याच महिन्यात शेजारणींबरोबर मी कालभैरवाला गेले होते," माणिक म्हणाली. आवाज थरथरू नये म्हणून ती शाळेत बोलायची तसं एकेक वाक्य सुटं बोलत होती. "येताना त्या जाजम बघायला छीप्यांच्या मोहल्ल्यात शिरल्या. तिथे हे बसले होते. पाठमोरे. मी माईंसारखंच पाठीवरून ओळखलं. बाकीच्या भाव करत होत्या, मी जवळ जाऊन उभी राहिले."

"काय बोलला तो?" भय्यासाहेबांनी विचारलं.

"मी म्हटलं, घरी तुमचा पालाशविधी करणार आहेत. त्यांनी हातातला ठसा ठेवला, परत उचलला. म्हणाले, करू दे. मी म्हटलं, मग माझं काय? तर आतल्या दाराकडे बघितलं. तिथे एक बाई उभी होती, छीप्याची मुलगी. तिच्या कडेवर लहान मुलगी होती, अगदी यांच्या तोंडवळ्याची. म्हणाले, माणिक, तुला मोकळं करायला मला दुसरी वाट माहीत नाही. एवढंच. मग त्या बायका आल्या आणि आम्ही परत निघालो."

"आणि तू घरी येऊन गप्प राहिलीस?" माई उठायला धडपडल्या. मीराने त्यांना धरलं. "माझ्या जित्या पोराला जाळताना बघत राहिलीस? मी तिथे ऊर बडवत होते, माणिक! तुझ्या समोर बडवत होते! कैदाशीण आहेस तू, बाई आहेस का?"

माणिकला वाटलं होतं, हा दिवस आला की आपण खाली मान घालू. पण मान खाली जाईना.

"बारा वर्षं मी या घरात कुंकू लावून बसले," ती म्हणाली. "दर वटपौर्णिमेला तुम्ही मला वडाला पाठवत होतात, आणि दर वटपौर्णिमेला म्हणत होतात, हिच्या पायगुणाने माझं पोर गेलं. नवरा टिकवता आला नाही म्हणून शेजारीपाजारी बोलायचे, तुम्ही त्यांना चहा द्यायचात. ट्रेनिंगला जाते म्हटलं तर म्हणालात, नवरा आला आणि बायको घरात नसली तर? आणि त्या दिवशी, रामघाटावरून आल्यावर, मीराने कुंकू पुसलं आणि तुम्ही मला पोटाशी धरलंत. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणालात, पोरी, तू शीक, स्वतःच्या पायावर उभी राहा. माई, ते होते तोवर मी तुमची कुणी नव्हते. ते गेले तेव्हा कुठे मी तुमची मुलगी झाले. मी काय म्हणून सांगायचं होतं?"

मीरा ओक्साबोक्शी रडायला लागली. भय्यासाहेब खिडकीबाहेर बघू लागले. श्रीकांतला उठून जावंसं वाटत होतं. तीन फोटो आणि त्यांनी केवढा गहजब केला, हेच त्याच्या डोक्यात घुमत राहिलं.

माई पुन्हा खाली टेकल्या. त्यांचे ते दुधाळ डोळे माणिक उभी होती तिथे लागले होते. मग त्यांनी विचारलं, आणि एवढ्या लहान आवाजात माई बोलू शकतात हे कुणाला माहीत नव्हतं.

"माझं काही विचारलं का गं त्याने?"

माणिकने तोंड उघडलं. त्या दुपारचा शब्द न् शब्द तिला पाठ होता. त्यात आईचा उल्लेख नव्हता. घराचा नव्हता, भावाचा नव्हता. तिने सगळं खरं सांगितलं होतं, हेही खरं सांगायला हरकत नव्हती. पण समोर ती म्हातारी आपल्या पांढऱ्या डोळ्यांनी वाट बघत होती, पाय लांब करून. रोज संध्याकाळी ज्यांना माणिक तेल लावायची ते सुजलेले गुडघे तिला दिसले आणि तेच तिच्या तोंडी आलं.

"विचारलं ना," ती म्हणाली. "पहिलं तेच विचारलं. म्हणाले, आईचे गुडघे अजून दुखतात का?"

माईंनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. हळूहळू चोळले.

"तो गेला तेव्हा माझे गुडघे धड होते, माणिक," त्या म्हणाल्या.

माईंनी हात पुढे करून चाचपडत तिचं पातळ पकडलं आणि तिला खाली, आपल्याशेजारी बसवलं.

"यज्ञेश्वर," त्या म्हणाल्या, "मुहूर्त बघू नकोस."